जागतिकीकरण, देशांची वाढ आणि नगर जिल्ह्यातला आपला वाटा

जयंतीचे व्याख्यान असो, प्रबोधन शिबिर असो की वसतिगृहातली रात्रीची चर्चा, 'खाउजा' हा शब्द हमखास येतो. खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण यांची ती आद्याक्षरे. या धोरणाबद्दल आपल्या चळवळीत साधारण दोन मते ऐकू येतात. एक मत सांगते की १९९१ नंतर सरकारी नोकऱ्या आटल्या, आरक्षण पोकळ झाले आणि बहुजनांच्या हातची भाकरी गेली. दुसरे मत सांगते की बाजार जात विचारत नाही, गाव सुटले की गावकीही सुटते, म्हणून ही आपल्यासाठी संधी आहे.

दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. जागतिकीकरणामुळे काही देश झपाट्याने वर आले, काही कोसळले. एकाच जिल्ह्यात एका तालुक्यात बंगले उभे राहिले आणि शेजारच्या तालुक्यातून कोयता घेऊन बिऱ्हाडे निघत राहिली. हा फरक का पडला, हे बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे यासाठी हा लेख आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: बाजार उघडण्याआधी कोणाच्या हातात जमीन, शिक्षण, भांडवल आणि संघटना होती, यावरच तो उघडल्यानंतर कोणाला काय मिळाले हे ठरले. देशांच्या बाबतीत हे खरे आहे, तसेच आपल्या नगर जिल्ह्याच्या बाबतीतही. (जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे. लेखात बोलण्यातले 'नगर' वापरले आहे.)

जागतिकीकरण म्हणजे नेमके काय?

एका देशातला माल, पैसा, तंत्रज्ञान आणि माणसे दुसऱ्या देशात जाण्यावरचे अडथळे कमी होणे म्हणजे जागतिकीकरण. आयातकर कमी होतो, परदेशी कंपनीला कारखाना काढता येतो, इथल्या पिकाचा भाव दूरच्या देशातल्या पिकावर ठरू लागतो. माणसांच्या येण्याजाण्यावरची बंधने मात्र फारशी सैल झाली नाहीत. पैशाला व्हिसा लागत नाही, मजुराला लागतो.

भारतात हे धोरण अडचणीतून आले. १९९१ च्या मध्यावर देशाकडे जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकेच परकीय चलन उरले होते. सोने परदेशात गहाण ठेवावे लागले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि २४ जुलै १९९१ रोजी अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी नवे धोरण मांडणारा अर्थसंकल्प सादर केला. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि शेतीमालाचा व्यापारही आंतरराष्ट्रीय कराराच्या चौकटीत आला.

देशोदेशीचा अनुभव

दक्षिण कोरिया हे वाढीचे सर्वांत जास्त सांगितले जाणारे उदाहरण. पण तिथे निर्यातीची घोडदौड सुरू होण्याआधी काय झाले, ते क्वचित सांगितले जाते. १९४९ चा कायदा करून १९५० पासून जमीनदारांची जमीन कुळांना वाटली गेली. प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचले. मग १९६० च्या दशकात सरकारने उद्योगांना स्वस्त कर्ज आणि संरक्षण देऊन निर्यातीला लावले. आपला बाजार मात्र त्यांनी बेताबेताने, आपल्या सोयीने उघडला. १९९० च्या दशकात परदेशी कर्जाचे दरवाजे घाईने उघडले, तेव्हा १९९७ च्या आशियाई संकटात याच देशाला नाणेनिधीकडे जावे लागले.

व्हिएतनामने १९८६ मध्ये 'दोई मोई' म्हणजे नवरचनेचे धोरण घेतले. १९८८ पासून सामूहिक शेती मोडून शेतकरी कुटुंबांना जमीन कसण्याचे हक्क दिले. २००७ मध्ये तो देश जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि आज मोबाइल फोनच्या मोठ्या निर्यातदारांत त्याची गणना होते. १९९३ च्या सुमारास तिथली निम्म्याहून अधिक जनता गरीब होती. पुढच्या दोन-तीन दशकांत हे प्रमाण फार वेगाने खाली आले. चीननेही १९७८ नंतर दारे उघडली, पण त्याआधी जमीनदारी संपलेली होती आणि साक्षरता व आरोग्य यांचा पाया घातलेला होता.

आता उलट बाजू. अर्जेंटिनाने १९९१ मध्ये आपले चलन डॉलरला एकास एक बांधले, सार्वजनिक उद्योग विकले आणि परदेशी पैसा मुक्तपणे येऊ दिला. काही वर्षे वाढ दिसली. मग पैसा निघून जाऊ लागला आणि डिसेंबर २००१ मध्ये देश कोसळला. लोकांना बँकेतले स्वतःचे पैसे काढता येईनात.

बांगलादेशाने तयार कपड्यांच्या निर्यातीवर मोठी झेप घेतली. लाखो बायका पहिल्यांदा पगार घेऊन घरी आल्या, मुलींचे शिक्षण वाढले. त्याच देशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार मेले. इमारतीला तडे गेलेले दिसत असतानाही त्यांना कामावर बोलावले होते. वाढ आणि कामगाराचा जीव एकाच इमारतीत कसे तोलले जातात, हे जगाला तिथे दिसले.

श्रीलंका हा बौद्धबहुल देश. दक्षिण आशियात सर्वांत आधी, १९७७ मध्ये त्याने बाजार खुला केला. शिक्षण आणि आरोग्यात तो भारताच्या पुढे राहिला. पण निर्यात मोजक्या वस्तूंवरच राहिली, कर्ज वाढत गेले, २०१९ मध्ये कर घटवले, मग महामारीत पर्यटन थांबले आणि २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आली. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. देशात बुद्धविहारे किती आहेत यावर अर्थव्यवस्था तरत नाही, हे आपणही लक्षात ठेवले पाहिजे.

या सगळ्यांतून एक सूत्र निघते. जिथे जमिनीचे वाटप झाले, शाळा सर्वांपर्यंत गेली आणि सरकारने दार आपल्या हाताने, आपल्या वेळेला उघडले, तिथे वाढ खालपर्यंत गेली. जिथे हे झाले नाही, तिथे वाढ वरच अडकली किंवा पहिल्याच वादळात उडाली.

भारत या दोन टोकांच्या मध्ये आहे. १९९१ नंतर वाढीचा वेग वाढला यात वाद नाही. पण ती वाढ माहिती तंत्रज्ञान, बँका, बांधकाम अशा क्षेत्रांत जास्त झाली. आजही देशातले सुमारे ४५ टक्के कामकरी शेतीवर आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र वीस टक्क्यांच्या आत आहे. कोरियाने केलेला जमीनसुधारणेचा पहिला धडा आपण अर्धवट सोडला आणि थेट पुढच्या पानावर गेलो.

नगरची साखर: जावापासून ब्राझीलपर्यंत

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला नगर जिल्हा जागतिक बाजाराशी १९९१ मध्ये पहिल्यांदा जोडला गेला, असे नाही. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. त्या काळात भारतात जावाची स्वस्त साखर येत होती. १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा करून आयात साखरेवर जबर कर लावला. पाच-सहा वर्षांत देशातले साखर कारखाने सुमारे ३० वरून १३० च्या वर गेले. श्रीरामपूर परिसरातले हरेगाव आणि टिळकनगरचे खासगी कारखाने याच युगातले. म्हणजे नगरच्या साखरेचा पाया खुल्या बाजाराने घातलेला नाही. पाणी सरकारचे होते आणि संरक्षणही सरकारचे होते.

पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. खासगी कारखानदाराच्या हातून शेतकऱ्याला सोडवणारे ते मोठे पाऊल होते. पण सहकाराचे दार कोणाला उघडे होते? सभासद व्हायचे तर ऊस हवा, ऊस हवा तर पाण्याखालची जमीन हवी. ज्याच्याकडे जमीनच नव्हती, तो सहकारात सभासद म्हणून आला नाही. तो मजूर म्हणून आला. कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालये, बँका, दूधसंघ आणि आमदारक्या वाढल्या, त्यांचा वारसाही बहुतांशी सभासदांच्याच घरात गेला.

हरेगाव हे नाव आपल्या चळवळीच्या इतिहासातही आहे. डिसेंबर १९३९ मध्ये तिथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वतनदार महार-मांगांची परिषद झाली. वतनाच्या नावाखाली गावाची फुकट राबणूक आणि वतनी जमिनींवरचा वाढीव सारा हे तिचे विषय होते. स्वातंत्र्यानंतर कमाल जमीन धारणा कायदा आला. खासगी कारखान्यांच्या ताब्यातल्या हजारो एकर जमिनी सरकारकडे आल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. पुढे या जमिनींचे मूळ मालक असलेल्या खंडकरी शेतकऱ्यांनी लढा दिला आणि गेल्या दशकात त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. त्याच मळ्यांवर पिढ्यानपिढ्या राबलेल्या कामगारांची घरापुरत्या जमिनीची मागणी मात्र वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली. कागदावर ज्याचे नाव होते त्याला जमीन मिळाली. ज्याचा नुसता घाम होता, तो अर्ज करत राहिला.

याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून चार दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) ही नावेही याच जिल्ह्यातली. साखरेचा पैसा आला म्हणजे जात आपोआप जाते, या समजुतीला हा जिल्हाच उत्तर देतो.

१९९१ नंतर साखरेचे गणित पुन्हा जगाशी जोडले गेले. आता समोर जावा नाही, ब्राझील आहे. तो जगातला सर्वांत मोठा साखर उत्पादक आणि निर्यातदार. तिथे पाऊस कमी झाला की आपल्याकडे भाव चढतात. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये भारताच्या साखर अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला आणि भारताने अपील केले. २०२१-२२ च्या हंगामात भारताने विक्रमी, सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली. त्यानंतर देशात भाव वाढू नयेत म्हणून निर्यातीवर बंधने आली. कारखानदार आणि बागायतदार यांच्यासाठी या उलाढालीत कधी नफा, कधी तोटा आहे. त्यांच्या मदतीला किमान दर, कर्ज आणि इथेनॉलचे धोरण येते.

कोयत्याची बाजू

साखळीच्या दुसऱ्या टोकाला ऊसतोड कामगार आहे. बीडबरोबरच आपल्या जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे निघतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि उचल फिटेपर्यंत तोड. एखादा दिवस खाडा झाला तर दंड. या टोळ्यांत अनेक जातींची माणसे आहेत. बौद्ध, मातंग, भिल्ल आणि भटक्या समाजातली भूमिहीन कुटुंबेही त्यांत आहेत.

२०२४-२५ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर टनाला ३,४०० रुपये होता. हा दर साखर उताऱ्याशी बांधलेला असतो आणि केंद्र सरकार तो दरवर्षी जाहीर करते. तोडणीची मजुरी मात्र साखर संघ आणि कामगार संघटनांच्या वाटाघाटीवर अवलंबून असते. जानेवारी २०२४ मध्ये ती ३४ टक्के वाढून टनाला ३६५ रुपयांच्या आसपास गेली. ही वाढही संपाच्या इशाऱ्यानंतर झाली. उसाला कायद्याचा दर आहे, उसाखाली वाकणाऱ्या पाठीला नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्राची साखर विकत घेणाऱ्या कोकाकोला आणि पेप्सिको या कंपन्यांच्या साखळीत कर्जबाजारी मजुरी, बालविवाह आणि या शस्त्रक्रिया कशा गुंतल्या आहेत, यावर सविस्तर वृत्तांत छापला. जागतिकीकरणाची ही दुसरी बाजू आहे. अमेरिकेतल्या वाचकाला आता पाथर्डीच्या किंवा बीडच्या मजुराबद्दल प्रश्न विचारता येतो. हा दबाव वापरायला आपल्या संघटनांनी शिकले पाहिजे.

आता शिवारात ऊसतोडणी यंत्रे येऊ लागली आहेत. कोयता सुटावा हे आपल्यालाही हवेच आहे. पण कोयता हातातून जाण्याआधी त्या हातात दुसरे काम आले नाही, तर सुटका होणार नाही, उपासमार होईल.

कांदा आणि दूध

नेवासा तालुक्यातले घोडेगाव, राहुरी, पारनेर, नगर या कांद्याच्या बाजारांनी गेल्या काही वर्षांत एक विचित्र अनुभव घेतला. बाहेर भाव असला की दार बंद होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासह उठली. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते काढले गेले. आयात होताना बाजार खुला आणि निर्यातीत भाव मिळू लागला की बाजार बंद, असे दार अर्धेच उघडणारे जागतिकीकरण शेतकऱ्याच्या वाट्याला आले. दुधाचेही तसेच. जगात दूधभुकटीचे भाव पडले की संगमनेर-राहात्यातल्या गोठ्यात लिटरमागे दर पडतो आणि मग अनुदानासाठी आंदोलन करावे लागते. राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याहून १ जून २०१७ रोजी सुरू झालेला शेतकरी संप याच असंतोषातून आला.

यात आपला समाज कुठे आहे? ज्यांच्याकडे एक-दोन एकर आहे ते या तोट्यात भागीदार आहेत. ज्यांच्याकडे तेवढेही नाही, त्यांना कांदा काढणीची, गोण्या भरण्याची मजुरी मिळते आणि भाव पडले की तीही आटते. नफ्यात वाटा नसलेला माणूस तोट्यात मात्र वाटेकरी होतो.

लुना ते सुपा

नगरच्या औद्योगिक इतिहासातली सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे लुना. कायनेटिक इंजिनिअरिंगने ती १९७२ मध्ये आणली. बंद बाजाराच्या काळात मास्तर, तलाठी, कारकून सगळे लुनावर फिरले. बाजार उघडल्यावर परदेशी तंत्रज्ञानाच्या दुचाकी आल्या आणि लुना मागे पडली. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्राकडे गेला. नगरचा कारखाना वाहनांचे सुटे भाग बनवण्याकडे वळला. लार्सन अँड टुब्रोच्या विद्युत उपकरणांच्या व्यवसायाचा एक कारखाना नगरला आहे. तो पूर्ण व्यवसाय २०२० मध्ये श्नायडर इलेक्ट्रिक या फ्रेंच कंपनीकडे गेला. आता पारनेर तालुक्यातल्या सुपा औद्योगिक वसाहतीत परदेशी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले आहेत. पुण्याची जागा महागली तशी गुंतवणूक नगर रस्त्याने पुढे सरकली.

या कारखान्यांमुळे तरुणांना रोजगार मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रोजगाराचा प्रकार बदलला. पूर्वी कारखान्यात लागला म्हणजे कायम झाला, युनियनचा सभासद झाला, सोसायटीत घर झाले. आता आयटीआय झालेला मुलगा ठेकेदाराकडून आत जातो, काही महिन्यांनी बाहेर येतो आणि दुसऱ्या ठेकेदाराकडे रांग लावतो. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागणार नाही, अशी तरतूद आहे. पूर्वी ही मर्यादा १०० होती.

बाजार जात विचारतो का?

या प्रश्नावर दोन अभ्यास प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावेत. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००५-०६ मध्ये वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच निघाली. दुसरा अभ्यास देवेश कपूर, चंद्रभान प्रसाद आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी उत्तर प्रदेशातल्या दोन तालुक्यांत १९९० ते २००७ या काळात दलितांच्या जीवनात काय बदलले ते पाहिले. शहरांत स्थलांतर वाढले, सालगडीपण घटले, घरे पक्की झाली, सवर्णांशी वागण्यातली लाचारी कमी झाली.

पहिला अभ्यास सांगतो की बाजाराच्या दारात जात उभी आहे. दुसरा सांगतो की गावाच्या दारातून बाहेर पडायला बाजाराने मदत केली. दोन्ही एकाच वेळी खरे आहे. सरकारी क्षेत्रात निदान राज्यघटनेचे कलम १६(४) आपल्या बाजूने आहे. खासगी क्षेत्रात तसे काही नाही, तिथे उद्योगसंघटनांच्या ऐच्छिक आचारसंहिता आहेत. आणि सरकारी क्षेत्र आक्रसते आहे. एकट्या बीएसएनएलमधून जानेवारी २०२० मध्ये सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. तरुणांच्या संतापामुळे तो ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. संघटित आवाज उठला तर धोरण बदलते, याचे हे ताजे उदाहरण.

बाबासाहेबांनी काय सांगितले होते?

रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला एक मुद्दा आजही लागू पडतो. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा होतो, असे म्हटले जाते. हा फायदा येतो कुठून? वस्तूंचे भाव आधी वाढतात, मजुरी मागून वाढते. मधल्या काळात मजुराचे जे नुकसान होते, त्यातूनच मालकाचा नफा वाढतो, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले. देशाची निर्यात वाढली हे ऐकल्यावर ती कोणाच्या ताटातून वाढली, हे विचारायची सवय त्यांनी आपल्याला शंभर वर्षांपूर्वी लावली.

१९१८ च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधात त्यांनी शेतीवरचा जादा भार उद्योगांनी उचलावा असे मांडले. म्हणजे ते कारखानदारीच्या विरोधात नव्हते. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी आणि हे घटनेतच लिहावे, अशी मागणी केली. जमीन आणि भांडवल मूठभरांच्या हाती राहिले तर मताचा अधिकार दुबळा ठरेल, ही त्यामागची चिंता होती.

तथागतांची शिकवणही याच दिशेची आहे. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की चोऱ्यामाऱ्या शिक्षेने थांबणार नाहीत. शेती करणाऱ्याला बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. चक्कवत्ती सीहनाद सुत्तात निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा येते, असा क्रम सांगितला आहे. बियाणे, भांडवल, वेतन ही अडीच हजार वर्षांपूर्वीची यादी आजच्या नगर जिल्ह्यालाही पुरते.

आपण काय करू शकतो?

जमीन. वतनी जमिनी १९५८ च्या कायद्यानंतर अनेक कुटुंबांकडे भोगवटादार वर्ग २ म्हणून आल्या. औद्योगिक वसाहत आणि महामार्ग जवळ आले की या जमिनींवर दलालांची नजर जाते. प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्याने वस्तीतल्या वतनी जमिनींचे सातबारा आणि फेरफार काढून एकत्र ठेवावेत. भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमिनीची तरतूद आहे. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले, त्या वारशाला शोभेल असा पाठपुरावा या योजनेचा व्हायला हवा.

शिक्षण. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. आपल्या तालुक्यात त्यांची स्थिती काय आहे, किती मुले आत आहेत, याची पाहणी युवक मंडळांनी करावी. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा असतात. स्वाधार योजना, बार्टीचे प्रशिक्षण हे सगळे शहरातल्या मुलांना माहीत असते. जामखेड-पाथर्डीच्या वस्तीत ते पोहोचवणे हे आपले काम आहे.

श्रम. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची ग्रामपंचायतीत नोंद आणि ओळखपत्र, तसेच उचलीचा लेखी हिशेब यासाठी आग्रह धरावा. कंत्राटी कामगारांना आपला भविष्यनिर्वाह निधी जमा होतो की नाही हे मोबाइलवर तपासायला शिकवणे, ही एका रविवारची कार्यशाळा आहे. जो ठेकेदार पगारातून कापतो आणि भरत नाही, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला मग पुरावा हाती येतो.

भांडवल. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून करण्याचे बंधन आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर मिळतो. या योजना कागदावर आपल्या आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच्या असे होऊ नये, यासाठी गटाची कागदपत्रे आणि हिशेब आपल्याच लोकांनी सांभाळायला शिकले पाहिजे.

आणि धोरणाची मागणी. सरकारी जमीन, पाणी, वीज आणि करसवलत घेणाऱ्या प्रत्येक खासगी कारखान्याने आपल्याकडे कोणत्या सामाजिक घटकांतले किती जण कायम आणि किती कंत्राटी आहेत, हे जाहीर करावे, अशी मागणी आपण जिल्हा पातळीवर लावून धरली पाहिजे. १९३२ चे साखर-संरक्षण असो की आजचा औद्योगिक भूखंड, सार्वजनिक पैशावरच खासगी वाढ उभी राहिली आहे. त्यामुळे हिशेब मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

जागतिकीकरण चांगले की वाईट, यावर वाद घालण्यात आपल्या शिबिरांचे बरेच तास गेले. कोरियाच्या कुळाला बाजार उघडण्याआधी जमीन मिळाली. आपल्या हरेगावच्या मळेकामगाराला घरापुरत्या जागेसाठीही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. पुढचे शिबिर या फरकावर घ्यावे, आणि येणाऱ्यांनी येताना आपल्या गावचा सातबारा आणि आपल्या टोळीचा हिशेब सोबत आणावा.